सेवा माझी, तर नकारही माझाच ना?

वाचकाचे पत्र : मी ३६ वर्षांचा पुरुष आहे. गेली तीन वर्षे माझे आणि माझ्या जोडीदाराचे नाते बीडीएसएमच्या, म्हणजे बंधन, सत्ता आणि समर्पण यांच्या संमतीने चालणाऱ्या खेळाच्या, चौकटीतले आहे. ती डॉमिनंट, म्हणजे अधिकार चालवणारी, आणि मी सबमिसिव्ह, म्हणजे तिच्या आज्ञेत राहणारा. मार किंवा दोर यांत मला फारसा रस नाही. माझे समाधान सेवेत आहे. तिचे कपडे तयार ठेवणे, तिचे पाय चेपणे, तिने सांगितल्याशिवाय खाली न बसणे, हे सारे मला मनापासून आवडते. सुरुवातीला हे आठवड्यातल्या दोन संध्याकाळींपुरते होते आणि काय करायचे याची यादी आम्ही दोघांनी मिळून लिहिली होती. एकत्र राहू लागल्यावर घरातले सगळे काम माझ्याकडे आले, मग रात्री तिच्या व्यवसायाचे हिशेब, मग तिच्या बहिणीची आणि मैत्रिणींची ने-आण. गेल्या काही महिन्यांपासून माझ्या बँक खात्याचा पासवर्ड तिच्याकडे आहे आणि भावाला फोन करण्याआधी मी तिची परवानगी घेतो. मध्यंतरी अंगात सणकून ताप असताना मी ‘आज नको’ म्हणालो. ती रागावली नाही, पण दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. त्यानंतर मी कधीच नकार दिलेला नाही. आमचा सेफवर्ड, म्हणजे उच्चारताच सगळे थांबवणारा ठरलेला शब्द, आहे, पण तो वापरण्यासारखे काही घडलेले नाही. तिने माझ्यावर कधी हात उगारलेला नाही. ‘खरा सबमिसिव्ह नाही म्हणत नाही’ असे ती म्हणते आणि मलाही तसेच वाटत आले आहे. एकदा लेखी कबूल केल्यावर मला नकार देता येतो का? दिला तर मी या भूमिकेला लायक नाही असा अर्थ होतो का? की मुळात माझ्यातच काही बिघाड आहे? आणि हे तिच्याशी बोलायचे कसे?

उत्तर :

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते तुम्हाला आजच हवे आहे. होय, तुम्हाला नकार देता येतो. लेखी कबूल केलेले असले, तीन वर्षे निमूटपणे केलेले असले, कालपर्यंत ते मनापासून आवडलेले असले आणि आज का नको आहे याचे कारण शब्दांत सांगता येत नसले, तरीही देता येतो. दिलेली संमती कोणत्याही क्षणी मागे घेता येते, आणि ती मागे घेतल्यानंतरही जे करून घेतले जाते त्याला आधीच्या होकाराचा आधार उरत नाही. हे तुमच्या नात्याला लागू आहे आणि तुमच्या जोडीदारालाही तितकेच लागू आहे.

तुमच्यात बिघाड आहे का, या प्रश्नावर फार वेळ घालवण्याची गरज नाही, तरीही तो मनात सलत राहू नये म्हणून सांगते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये काढलेल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत वेगळी लैंगिक आवड असणे आणि मानसिक विकार असणे यांत स्पष्ट फरक केलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीतून, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, सॅडोमॅसोकिझम (वेदना देण्यात किंवा सोसण्यात लैंगिक सुख मिळणे) हे स्वतंत्र निदानच काढून टाकण्यात आले. त्या जागी जे उरले ते संमती नसलेल्या माणसावर क्रौर्य लादण्याच्या विकृतीबद्दल आहे. तुम्हाला एखाद्या व्यक्तीची सेवा करण्यात, तिच्या आज्ञेत राहण्यात समाधान मिळते, यात दुरुस्त करण्यासारखे काहीही नाही. दुरुस्त करायचे आहे ते या सेवेभोवतीचे कुंपण, जे हळूहळू मोडून पडले आहे.

ते मोडत असताना तुम्हाला कळले का नाही, हे समजून घेणे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण त्याचे उत्तर तुमच्या स्वभावातल्या दुबळेपणात नाही. सेफवर्ड ही व्यवस्था मुळात ठरावीक वेळेच्या प्रसंगासाठी आहे, ज्याला या वर्तुळात सगळे ‘सीन’ म्हणतात. सीनला सुरुवात असते, शेवट असतो, शरीराला जाणवणारी तीव्रता असते आणि सहन होईना की एक शब्द उच्चारला म्हणजे सगळे थांबते. सेवेचे तसे नसते. ती सकाळी उठल्यापासून सुरू असते, तिच्यात असह्य असा एकही क्षण येत नाही, आणि भार येतो तो एकेका छोट्या कामाने. हिशेबाची एक फाईल, एक जादा फेरी, झोपेतून वजा झालेला एक तास. यांतल्या कोणत्याही एका गोष्टीसाठी ‘रेड’ हा थांबण्याचा रूढ सेफवर्ड उच्चारणे हास्यास्पद वाटते, आणि म्हणून माणूस ते कधीच म्हणत नाही. तुम्ही लिहिले आहे की वापरण्यासारखे काही घडलेले नाही. माझ्या मते घडले पुष्कळ आहे. तुमच्याकडे असलेले साधन मात्र ते मोजण्यासाठी बनवलेले नव्हते.

‘सेफ, सेन अँड कन्सेन्शुअल’ (सुरक्षित, शहाणपणाचे आणि संमतीने) हे बीडीएसएमचे सूत्र १९८३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या समलिंगी पुरुषांच्या एका संघटनेतून पुढे आले आणि जगभर पसरले. पुढे १९९९ च्या सुमारास ‘रिस्क-अवेअर कन्सेन्शुअल किंक’ ही मांडणी आली, जिचा आग्रह असा की कोणतीही कृती पूर्णपणे निर्धोक नसते, म्हणून धोका कोणता आहे हे दोघांनाही माहीत असले पाहिजे आणि तो माहीत असूनच होकार दिलेला असला पाहिजे. दोर आणि चाबूक वापरणारी जोडपी रक्ताभिसरण, नसांवर येणारा दाब, जखमा यांवर तासन्‌तास बोलतात. सेवेचे नाते असलेली जोडपी मात्र बहुतेकदा धोक्याचा विचारच करत नाहीत, कारण वरवर पाहता घर आवरण्यात कसला आला आहे धोका? तो असतो, आणि तो झोपेला, नोकरीला, पैशाला, मित्रांना आणि भावंडांना असतो. तुमच्या पत्रात यांपैकी किमान तीन गोष्टींना धक्का लागलेला मला दिसतो. यादी लिहिताना हे धोके तुम्हा दोघांपैकी कोणीच मांडले नव्हते, म्हणजेच तुमचा होकार त्यांना दिलेला नव्हता.

आता त्या लेखी यादीकडे वळू. असा करार कोणत्याही न्यायालयात तुम्हाला बांधून ठेवू शकत नाही, हे तर झालेच. पण तुम्हा दोघांमधल्या नैतिक बंधनाचा विचार केला तरीही तो कागद आज तुमच्या विरोधात उभा राहत नाही. त्यात कपडे, पाय चेपणे आणि उभे राहणे होते. व्यवसायाचे हिशेब नव्हते, बहिणीची ने-आण नव्हती, बँक नव्हती, भाऊ तर नव्हताच. प्लॅन्ड पेरेंटहूड ही अमेरिकन आरोग्यसंस्था लैंगिक संमतीच्या पाच खुणा सांगते : ती मोकळेपणाने दिलेली असावी, मागे घेता येणारी असावी, पुरेशा माहितीवर आधारलेली असावी, उत्साहाची असावी आणि नेमक्या गोष्टीपुरती असावी. यांतली शेवटची खूण सेवेच्या नात्यात सर्वांत आधी पुसली जाते. एका कामाला दिलेला होकार शेजारच्या कामाला आपोआप लागू होतो, मग त्याच्या शेजारच्याला, आणि कोणीही काही विचारलेले नसताना तुम्ही सगळ्यालाच हो म्हटले आहे असा समज दोघांच्याही मनात पक्का होतो. तुम्ही स्वतःही पत्रात ‘एकदा लेखी कबूल केल्यावर’ असे म्हणता, यावरून तो समज तुमच्या मनात किती खोल गेला आहे ते कळते. तो कागद पुन्हा वाचा. तुम्ही कबूल केले होते ते फार थोडे होते.

यानंतर ‘खरा सबमिसिव्ह नाही म्हणत नाही’ या वाक्याबद्दल. या वाक्याने तुमच्यासारख्या अनेकांचे फार नुकसान केले आहे, आणि ते मला मुळीच मान्य नाही. ज्याला नकार देता येतो पण जो देत नाही, त्याच्या सेवेत निवड असते. ज्याला नकार देताच येत नाही, त्याच्या सेवेत ती शोधायची कोठे? तुमच्या जोडीदाराला तुमच्या समर्पणातून जे मिळते, म्हणजे कोणीतरी आपणहून स्वतःला आपल्या स्वाधीन केले आहे ही जाणीव, ती तुमच्या नकाराच्या शक्यतेवरच उभी आहे. आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे सेवेत रमणारी माणसे क्वचितच लक्ष देतात. तुम्ही कधीच नाही म्हणत नाही, तेव्हा तुमच्या होकारातून तिला काहीही कळत नाही. आनंदाने केलेले काम आणि दात-ओठ खाऊन केलेले काम तिला सारखेच दिसते. जी व्यक्ती तुमच्यावर अधिकार चालवते, तिला तुमच्या अवस्थेची खरी माहिती देणे हा तुमच्या भूमिकेचाच भाग आहे, आणि तो भाग गेले कित्येक महिने तुमच्याकडून होत नाही. यात मी तुम्हाला दोष देत नाही. तापातल्या त्या रात्रीनंतर तुम्ही गप्प का झालात हे पत्रात स्पष्ट दिसते.

अर्थात, प्रत्येक कंटाळवाणे काम म्हणजे संमतीचा भंग नव्हे. सेवेत कंटाळा असतोच. बूट पुसताना दर वेळी मन भरून येईल असे नाही, आणि नको वाटत असतानाही तिच्यासाठी म्हणून एखादी गोष्ट करण्यात काही जणांना सर्वांत जास्त समाधान मिळते. म्हणून ‘मला हे काम आवडते का’ हा प्रश्न येथे उपयोगी पडत नाही. अमेरिकन प्रशिक्षक बेटी मार्टिन यांनी संमतीविषयी केलेल्या मांडणीत दोन साधे प्रश्न वेगळे काढले आहेत : कृती कोण करत आहे, आणि ती कोणासाठी चालली आहे? सेवेत कृती तुम्ही करता आणि ती तिच्यासाठी असते, हे उघड आहे, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण एखाद्याला देणे आणि एखाद्याला आपल्याकडून घेऊ देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि किती द्यायचे याची मर्यादा दोन्हीकडे देणाऱ्यालाच ठरवावी लागते; ती ठरवली नाही तर देणाऱ्याच्या मनात हळूहळू कडवटपणा साचू लागतो. तुम्ही स्वतःला असे विचारा : हे काम करून झाल्यावर मला तिच्या अधिक जवळ गेल्यासारखे वाटते की तिच्यापासून लपावेसे वाटते? तिची गाडी बाहेर थांबल्याचा आवाज आला की माझे शरीर सैल होते की आखडते? उद्या तिने हे काम माफ केले तर मला चुकल्यासारखे वाटेल की मी सुटकेचा श्वास सोडेन? हिशेबांबद्दल आणि फोनच्या परवानगीबद्दल या प्रश्नांची तुमची उत्तरे काय असतील, ते तुम्हाला हे वाचतानाच कळले असेल.

पैसा आणि भाऊ या दोन गोष्टी मी बाकीच्यांपासून वेगळ्या काढते, आणि येथे माझा सूर थोडा कठोर होईल. आर्थिक अधिकार सोपवणे आणि परवानगीचे नियम पाळणे हे प्रकार बीडीएसएममध्ये आहेत आणि काही जोडपी ते नीट निभावतातही. पण ती निभावतात तेव्हा त्यांत रक्कम ठरलेली असते, मुदत ठरलेली असते, स्वतःच्या खात्यावरचा ताबा पूर्णपणे सुटलेला नसतो आणि बाहेरच्या माणसांशी बोलण्याची वाट कधीही बंद केलेली नसते. पैसा हातात असणे आणि आपले असे कोणीतरी फोनच्या पलीकडे असणे, या दोन गोष्टी असल्या तरच माणूस नात्यातून बाहेर पडू शकतो, आणि बाहेर पडता येत असेल तरच आत राहण्याला संमती म्हणता येते. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ च्या कायद्याने जवळच्या नात्यातील सततचे नियंत्रण आणि जबरदस्ती हा स्वतंत्र गुन्हा ठरवला गेला, आणि त्यासाठी मारहाण झालेली असण्याची अट ठेवलेली नाही. तुमच्या जोडीदाराने गुन्हा केला आहे असे मी म्हणत नाही. एका पत्रावरून तसे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘तिने कधी हात उगारला नाही’ हे तुमचे वाक्य तुम्हाला वाटते तितके पुरेसे नाही, एवढेच मला दाखवायचे आहे. पुरुषाच्या बाबतीत ते आणखीच अपुरे पडते, कारण आपल्यावर कोणी असे नियंत्रण ठेवू शकते हे बोलून दाखवले तर ऐकणारा हसेल, या भीतीने पुरुष ते बोलतच नाहीत. मी हसणार नाही, आणि तुमचे हित पाहणारा कोणीही हसणार नाही.

त्या दोन दिवसांच्या अबोल्याबद्दल मला निश्चित काही सांगता येत नाही. नकाराने तिचे मन दुखावले असेल आणि ते कसे बोलावे हे तिला कळले नसेल, तर तो माणसाचा स्वभाव झाला. नकाराची किंमत तुम्हाला मोजायला लावण्यासाठी ती गप्प राहिली असेल, तर ती शिक्षा झाली, आणि मर्यादा सांगितल्याबद्दल शिक्षा देणे कोणत्याही प्रामाणिक डॉमिनंटच्या अधिकारात बसत नाही. परिणाम मात्र दोन्ही बाबतीत एकच झाला : तेव्हापासून तुम्ही नकार दिलेला नाही. म्हणजे तेव्हापासूनचा तुमचा प्रत्येक होकार थोडासा भीतीतून आलेला आहे, आणि हे तिला सांगणे आवश्यक आहे, कारण ती चांगली व्यक्ती असेल तर हे तिला ठाऊक नसणार आणि कळल्यावर तिला वाईट वाटेल.

बोलण्याआधी तुमच्या खात्याचा पासवर्ड बदला. त्यासाठी परवानगी मागू नका. बोलायला बसाल तेव्हा ‘मी तो बदलला आहे आणि पुन्हा देण्याचा विचार सध्या नाही’ एवढे सांगा. भावाला एक फोन करा. नात्याचे तपशील सांगण्याची गरज नाही. सध्या थोडा ताण आहे आणि गरज पडली तर तुझ्याकडे येईन, इतकेच पुरे. हे जोडीदारावरच्या अविश्वासातून करायचे नाही. ज्या संभाषणात तुम्हाला मोकळेपणाने नाही म्हणायचे आहे, त्यात शिरताना तुमच्या पायाखाली जमीन असावी म्हणून करायचे आहे.

मग तिच्याकडे वेळ मागा, आणि ती भूमिकेबाहेरची वेळ असेल हे आधीच स्पष्ट करा. दोघेही खुर्चीवर बसा, एकमेकांना नावाने हाक मारा, दिवसाची वेळ ठेवा, आणि त्या दिवशी आधी किंवा नंतर सेवेचे कोणतेही काम करू नका. उभे राहून, पदवीने हाक मारत, तिच्या परवानगीने केलेली वाटाघाट ही वाटाघाट नसते. सुरुवात तुम्हाला अवघड वाटत असेल तर असे म्हणता येईल : ‘तुझी सेवा करणे मला आवडते आणि ते मला पुढेही हवे आहे. पण गेल्या काही महिन्यांत त्यात अशा गोष्टी आल्या ज्यांना मी कधी हो म्हटलेले नव्हते, आणि तापाच्या त्या दिवसानंतर मला नाही म्हणायची भीती वाटू लागली आहे. म्हणून आजपासून सगळी सेवा थांबवू आणि काय परत आणायचे ते दोघांनी मिळून ठरवू.’ सेवा पूर्ण थांबवण्याची ही सूचना तुम्हाला टोकाची वाटेल, पण चालू यादीतून एकेक गोष्ट कमी करायला गेलात तर प्रत्येक वजाबाकीसाठी तुम्हाला कारण द्यावे लागेल. पाटी कोरी करून एकेक गोष्ट नव्याने घेतली तर कारण द्यावे लागते ते वाढवण्यासाठी, आणि ते तसेच असले पाहिजे.

सेवा थांबली की दुसऱ्याच दिवशी एक प्रश्न उभा राहतो, आणि तो फार बोलका असतो : मग भांडी कोण घासणार? एकत्र राहणाऱ्या दोन माणसांच्या घरात जी कामे व्हायलाच हवीत, त्यांतला तुमचा वाटा हा तुमचा वाटा आहे आणि तिचा वाटा तिचा. हे वाटप भूमिकेबाहेर, कोणत्याही दोन माणसांसारखे आधी करा. त्यानंतर तिच्या वाट्यातली एखादी गोष्ट तुम्ही सेवा म्हणून आनंदाने उचलू शकता, पण तेव्हा ती भेट असते आणि तुम्ही आजारी पडलात की ती आपोआप तिच्याकडे परत जाते. (ज्या स्त्रिया हे वाचत आहेत आणि सेवेच्या भूमिकेत आहेत, त्यांना हा भेद करणे तुमच्याहून कितीतरी कठीण जाते, कारण घरकाम त्यांच्याकडून संमती न विचारताच अपेक्षिले जाते आणि त्याला समर्पणाचे नाव दिले की ते मागे घेणे आणखी अवघड होते. त्यांनी हे वाटप कागदावर करावे, असे मी आग्रहाने सांगेन.) व्यवसायाचे हिशेब हे ना घराच्या वाट्यात बसतात ना सेवेत, ते पगाराचे काम आहे, आणि दिवसभर नोकरी करून आलेल्या माणसाने ते रात्री फुकट करावे का, यावर तिने प्रामाणिकपणे विचार करावा. बहीण आणि मैत्रिणी यांच्या बाबतीत तर आणखी एक गुंता आहे. तुम्ही त्यांची सेवा करण्याला होकार दिलेला नाही, आणि आपण एका सत्तेच्या खेळाचा भाग बनत आहोत याला त्यांनीही होकार दिलेला नाही. ओळखीतल्या कोणाला मदत म्हणून सोडायला जाणे वेगळे. तिने आज्ञा दिली म्हणून जाणे हे मात्र तुम्हा दोघांपुरतेच राहायला हवे.

नव्या व्यवस्थेत सेवेला वेळेची चौकट परत द्या. दोन संध्याकाळी पुरत होत्या, तर पुन्हा तिथूनच सुरू करा. सुरुवातीची आणि शेवटाची एखादी खूण ठरवा, मग ती गळ्यातली पट्टी असो किंवा एखादे ठरलेले वाक्य, जेणेकरून आता आपण भूमिकेत आहोत की नाही हे दोघांनाही नेमके माहीत असेल. सेफवर्डसोबत ‘यलो’सारखा एक हलका शब्द ठेवा, ज्याचा अर्थ ‘थांबव’ असा नसून ‘हे मला जड होत आहे, आपण बोलू’ असा असेल, आणि तो लहानसहान गोष्टींसाठी मुद्दाम वापरून जिभेला त्याची सवय लावा. काही नकार कायमचे आणि विचारण्यापलीकडचे असावेत : आजारपण, पुरेशी झोप, नोकरी, डॉक्टर, स्वतःचा पैसा, घरची माणसे. आणि हे स्पष्ट लिहा की नकार दिल्याबद्दल शिक्षा, टोमणा किंवा अबोला असणार नाही. वाईट वाटले तर ती ‘मला वाईट वाटले’ असे शब्दांत सांगेल. दर महिन्याला एकदा भूमिकेबाहेर बसून ही यादी पुन्हा वाचायची आणि त्या बैठकीत तुम्ही आधी बोलायचे, हेही त्यात घाला. तीव्र सीननंतर आफ्टरकेअर, म्हणजे एकमेकांना सावरणारी काळजी, सगळे घेतात. दीर्घकाळ सेवा करणाऱ्याला मात्र तिची गरज नाही असे गृहीत धरले जाते. तुम्हाला ती हवी असेल. कौतुकाचे चार शब्द, शेजारी बसून घालवलेला थोडा वेळ, जे काही असेल ते मागून घ्या.

तिच्या बाजूचाही विचार करा, कारण अधिकार चालवणाऱ्यालाही थकवा येतो, त्यालाही मर्यादा असतात, आणि चोवीस तास कोणीतरी आपल्या आज्ञेची वाट पाहत आहे हे ओझे होऊ शकते. काही डॉमिनंट व्यक्ती समोरच्याला हेच हवे आहे असे समजून मागण्या वाढवत जातात आणि सत्य कळल्यावर त्यांना हायसे वाटते. तुमची जोडीदार तशी असण्याची शक्यता मी खुली ठेवते. ती गोंधळली, रडली, तिने दोन दिवस मागितले, ‘मला वाटले तुला हे आवडते’ असे म्हणाली, तर धीर धरा. एवढे नवे एका बैठकीत पचत नाही.

पण ती ‘मग तू माझ्या लायकीचाच नव्हतास’ म्हणाली, पासवर्ड परत मागू लागली, तुमचे खासगी फोटो किंवा ही आवड तुमच्या घरच्यांना, कामाच्या ठिकाणी उघड करण्याची भाषा करू लागली, तर तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला तिथेच मिळालेले असेल, आणि मग नवी यादी करण्यात वेळ दवडू नका. तिच्याशी वाद न घालता भावाकडे जा, धमकीचे संदेश जपून ठेवा, आणि वकिलाशी बोला. अशी धमकी देणे हा अनेक देशांत गुन्हा आहे. हे वाचतानाच ‘ती असे करू शकते’ असे तुम्हाला वाटत असेल, तर वर सांगितलेली बैठक घेऊच नका. आधी तेथून बाहेर पडा, बोलणे नंतर, आणि तेही कोणी सोबत असताना.

दोन्ही परिस्थितींत एखाद्या समुपदेशकाशी बोलणे तुम्हाला उपयोगी पडेल. पहिल्याच भेटीत त्यांना सरळ विचारा की बीडीएसएम नात्यातल्या लोकांबरोबर तुम्ही काम केले आहे का, आणि संमतीने चाललेल्या अशा नात्याकडे तुम्ही आजार म्हणून पाहता का. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असले तरी चालेल, शिकण्याची तयारी असली म्हणजे झाले. दुसऱ्याचे उत्तर ‘हो’ असेल तर दुसरे कोणी शोधा, कारण तुम्ही सेवा करणे सोडावे यासाठी तुम्हाला मदत नको आहे. कोणाची, किती आणि केव्हा करायची हे पुन्हा तुमच्या हाती यावे यासाठी हवी आहे.